कामावरून काढलंत, तर दोन दिवसांत हिशेब द्या

प्रति,
पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव, रांजणगाव, हिंजवडी आणि खराडी इथले उद्योजक, व्यवस्थापक आणि एचआर विभागप्रमुख यांस

विषय : विनानोटीस कामावरून कमी केलेल्या माणसांचं अडवून ठेवलेलं शेवटचं वेतन

सप्रेम नमस्कार,

कोणाला कामावर ठेवावं आणि कोणाला काढावं, याबद्दल हे पत्र नाही. त्यावरही माझी मतं आहेत, पण ती आज बाजूला ठेवतो. माणसाला काढल्यानंतर जे दोन दिवस येतात, त्यांच्याबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे. त्याचा हिशेब चुकता करायला कायद्याने तुम्हाला तेवढीच मुदत दिली आहे, आणि माझ्या पाहण्यातल्या बहुतेक कंपन्या ती पाळत नाहीत.

मी नोकरीभर पगारपत्रकं केली. आधी मस्टरवरून हाताने आकडे उतरवून, नंतर संगणकावर. निवृत्त झाल्यापासून ओळखीपाळखीची माणसं कागद घेऊन घरी येतात. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, बँकेचं पासबुक आणि मोबाइलवर आलेला एखादा ईमेल नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप : उद्यापासून येऊ नका. प्रश्न एकच असतो. "काका, माझे पैसे मिळतील का?" मिळायलाच हवेत, असं मी सांगतो, कोणत्या कलमाखाली तेही सांगतो. पण हे त्यांना तुमच्या ऑफिसात, काढायच्या दिवशीच, कोणीतरी कागदावर लिहून द्यायला हवं होतं. ते होत नाही, म्हणून हे पत्र.

वेतन संहिता, २०१९ चं कलम १७ काढून वाचा. चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. कर्मचाऱ्याला काढून टाकलं, बडतर्फ केलं, नोकरकपातीत (रिट्रेंचमेंट) कमी केलं, त्याने राजीनामा दिला किंवा आस्थापनाच बंद पडून तो बेकार झाला, तर त्याचं देय वेतन कामाच्या दोन दिवसांत द्यायचं, असं ते कलम सांगतं. यातला गाभा नवा नाही. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमातही मालकाने काढलेल्या माणसासाठी हीच मुदत होती. मात्र तो कायदा सुरुवातीला महिना दोनशे रुपयांच्या आत कमावणाऱ्यांपुरता होता, आणि २०१७ नंतर २४,००० रुपयांपर्यंतच्या पगारापुरता. संहितेत ही पगाराची मर्यादा उरली नाही, आणि पर्यवेक्षक, व्यवस्थापक, प्रशासनातली माणसं हे सगळे 'कर्मचारी' या व्याख्येत आले. राजीनामा देणाऱ्यालाही तीच मुदत मिळाली.

आयटीतला अभियंता कायद्याने 'कामगार' ठरतो की नाही, यावर वकील वर्षानुवर्षं भांडत आले आहेत आणि पुढेही भांडतील. नोकरकपातीची भरपाई, नोटिशीचा कायदेशीर हक्क यांसाठी तो वाद महत्त्वाचा आहे. शेवटच्या पगाराच्या मुदतीसाठी त्याची काही गरज नाही. ही मुदत प्रेस शॉपमधल्या ऑपरेटरला आहे तशीच प्रोजेक्ट मॅनेजरलाही आहे.

मग तुमच्या ऑफिसांतून ऐकू येणारं "आमच्याकडे फुल अँड फायनल (शेवटचा हिशेब) ४५ दिवसांत होतं" हे वाक्य कुठून आलं? वेगळी मुदत ठरवण्याचा अधिकार त्याच कलमात शासनाला दिला आहे, कंपनीच्या पॉलिसीला नाही. काही जण औद्योगिक संबंध संहितेतल्या ४५ दिवसांकडे बोट दाखवतात. ते ४५ दिवस आहेत, पण ते नोकरकपातीत गेलेल्या कामगाराच्या खात्यात पुनर्कौशल्य निधीतून १५ दिवसांचं वेतन जमा करण्यासाठी आहेत. त्याने आधीच करून ठेवलेल्या कामाच्या पगाराशी त्यांचा संबंध नाही.

कामावर असलेल्या माणसाचा महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत दिला तरी चालतो. काढलेल्या माणसासाठी मात्र फक्त दोन दिवस. कायदा करणाऱ्यांनी हा फरक का केला, याचा एकदा शांतपणे विचार करा. कामावर असलेला माणूस पगार थकला तर विचारू शकतो, युनियनकडे जाऊ शकतो, चार सहकाऱ्यांबरोबर मशीन बंद करून उभा राहू शकतो. काढलेल्याचं तुमच्या आवारात काही उरलेलं नसतं. त्याचा गेटपास काढून घेतलेला असतो, पंच मशीनमधून त्याचा अंगठा उडवलेला असतो, ईमेल बंद झालेला असतो. त्याची सगळी ताकद त्या एका दिवसात संपते आणि त्याचा पैसा मात्र तुमच्याकडे राहतो. म्हणून कायदा म्हणतो, तो पैसा तुमच्याकडे फार काळ राहू नये.

चाकणच्या एका कारखान्यातला परभणी जिल्ह्यातला एक मुलगा माझ्याकडे आला होता. सकाळच्या पाळीला गेटवर गेला तर सिक्युरिटीवाल्याने सांगितलं, यादीत तुझं नाव नाही. कोणी पत्र दिलं नाही, कारण सांगितलं नाही. त्या महिन्यात भरलेले दिवस आणि आदल्या महिन्याचा ओव्हरटाइम बाकी होता. तिघांत मिळून घेतलेली खोली, खानावळीचं बिल, घरी पाठवायचे पैसे. एचआरचा फोन उचलला जाईना, उचलला तर "प्रोसेसमध्ये आहे". त्याने किती दिवस वाट बघायची? खोलीचं भाडं थकलं की तो गावी जाणार, आणि एकदा गावी गेला की काही हजारांसाठी परभणीहून चाकणला खेटे घालणं त्याला परवडणार नाही. तुम्ही पैसे नाकारत नाही, फक्त लांबवता, हे मला ठाऊक आहे. पण अशा माणसाच्या बाबतीत लांबवणं म्हणजे बुडवणंच होतं. 'न उचललेलं वेतन' म्हणून ताळेबंदात पडून राहणाऱ्या रकमा मी पाहिल्या आहेत. त्यातल्या पुष्कळ रकमांचे धनी पैसे नको म्हणून गेलेले नसतात, थकून गेलेले असतात.

वेळेवर पगार ही या राज्यातल्या कामगारांच्या सगळ्यात जुन्या मागण्यांपैकी एक आहे. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनकडे गेलं. आठवड्याची रविवारची सुट्टी आपल्याला आठवते, ती त्यातलीच मागणी, १८९० मध्ये मिळालेली. पण त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती : महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. वेतनाचा कायदा यायला त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षं गेली. लोखंड्यांच्या नावाने कार्यक्रम करणाऱ्या, कामगार दिनी फुगे लावून फोटो काढणाऱ्या कंपन्यांना मला हे मुद्दाम सांगायचं आहे, कारण ती मागणी तुमच्या पेरोलच्या तारखेशी थेट जोडलेली आहे.

आता तुमच्या अडचणींकडे येतो. त्या मला आतून माहीत आहेत, म्हणून जरा सविस्तर.

पहिली अडचण सांगितली जाते ती पेरोलच्या सायकलची. हजेरीचा कटऑफ २० किंवा २५ तारखेचा, पगार महिनाअखेरीस, मध्येच एकाचा हिशेब काढता येत नाही, सिस्टिम घेत नाही. हे खरं नाही. पगाराचं कोणतंही बरं सॉफ्टवेअर सायकलबाहेरचं पेमेंट घेतं. एखादा संचालक किंवा उपाध्यक्ष जातो तेव्हा त्याचा आकडा त्याच आठवड्यात तयार असतो, त्यावर सही असते आणि एनईएफटी गेलेली असते. तेव्हा सिस्टिम आडवी येत नाही. एका माणसाचे भरलेले दिवस, ओव्हरटाइमचे तास, शिल्लक रजा आणि कपाती मांडायला अनुभवी कारकुनाला अर्धा दिवस लागतो. मी हे काम केलं आहे.

दुसरी अडचण नो ड्यूजची, म्हणजे कोणत्याही विभागाचं त्याच्याकडे काही येणं नाही या दाखल्याची. स्टोअर्स, आयटी, कँटीन, अ‍ॅडमिन, अकाउंट्स, सगळ्यांच्या सह्या आल्याशिवाय हिशेब नाही. पण विचार करा, विनानोटीस काढायचं हे ठरवलं तुम्ही. दिवस तुम्ही निवडला, वेळ तुम्ही निवडली. त्याच्याकडे लॅपटॉप आहे की नाही, टूल किट आहे की नाही, अ‍ॅडव्हान्स किती बाकी आहे, हे आदल्या दिवशीच तपासून ठेवायला तुम्हाला कोणी अडवलं होतं? त्याला ज्या खोलीत बोलावून सांगता, त्याच खोलीत लॅपटॉप परत घेता येतो. पाच विभागांच्या सह्यांसाठी ज्याचा गेटपासच काढून घेतला आहे, त्याने आवारात फिरायचं कसं?

तिसरी अडचण नुकसानीची. "त्याने मशीनचं नुकसान केलंय, क्लायंट गेलाय, त्याचे पैसे कोण देणार?" नुकसानीबद्दल पगारातून कपात करायला कायदा परवानगी देतो, पण अटी घालून. नुकसान त्याच्या निष्काळजीपणामुळेच झालेलं असावं, कपात नुकसानीपेक्षा जास्त नसावी, आणि त्याआधी त्याला आपली बाजू मांडायची संधी द्यायला हवी. सगळ्या कपाती मिळून त्या वेतनकाळातल्या वेतनाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. म्हणजे खरोखर नुकसान झालं असलं तरी शेवटचा पगार शून्य करता येत नाही. तुमच्या हिशेबपत्रकांत मी उणे आकडे पाहिले आहेत, 'कर्मचाऱ्याकडून येणे' असे. ते कुठल्या कलमातून आले हे एकाही पत्रकात लिहिलेलं नव्हतं.

आणि गैरवर्तन? चोरी केली, मारामारी केली, बडतर्फ केलं. ठीक. आरोपपत्र, चौकशी, स्थायी आदेशांप्रमाणे (आस्थापनेच्या सेवाशर्तींच्या नियमांप्रमाणे) जे करायचं ते करा. पण त्याने बडतर्फीच्या आदल्या दिवसापर्यंत जे काम केलं त्याचा पगार त्याचाच आहे. शिक्षा नोकरी जाण्याची आहे, झालेल्या मजुरीची जप्ती ही वेगळी शिक्षा तुम्हाला कोणी दिलेली नाही. ग्रॅच्युइटीसुद्धा सरसकट अडवता येत नाही. मालमत्तेचं नुकसान केलं असेल तर नुकसानीपुरती, आणि दंगा, हिंसाचार किंवा नोकरीत असताना नैतिक अधःपतनाचा गुन्हा यांसाठी बडतर्फ केलं असेल तरच ती पूर्ण किंवा अंशतः जप्त होते. "परफॉर्मन्स नव्हता" यासाठी ग्रॅच्युइटीचा एक रुपयाही अडवता येत नाही.

हा 'परफॉर्मन्स' शब्द आजकाल सगळीकडे वापरला जातो, म्हणून त्यावर थोडं थांबतो. काम अपेक्षेइतकं झालं नाही हे गैरवर्तन नव्हे. ज्याला त्या कारणाने तडकाफडकी काढता, त्याच्या नेमणूकपत्रात तुम्हीच लिहिलेलं असतं की दोन्ही बाजूंनी एक, दोन किंवा तीन महिन्यांची नोटीस किंवा तेवढ्याचं वेतन. तो नोटीस न देता गेला तर तुम्ही ते वेतन वसूल करता, काही जण वकिलाची नोटीसही पाठवता. तुम्ही नोटीस न देता काढलंत तर तोच नियम तुम्हाला लागू होतो. आणि तो 'कामगार' या व्याख्येत बसत असेल, वर्षभराची सलग सेवा झाली असेल, तर शिस्तभंगाची शिक्षा आणि कायद्यातले ठरावीक अपवाद सोडून मालकाने कोणत्याही कारणाने काढणं ही नोकरकपातच ठरते. त्यासाठी किमान महिन्याची नोटीस किंवा तेवढं वेतन, शिवाय सेवेच्या दर वर्षामागे १५ दिवसांचं सरासरी वेतन भरपाई म्हणून. ही रक्कम दिल्याशिवाय नोकरकपात करताच येत नाही, म्हणजे पत्रासोबतच ती हवी. इथे दोन दिवसांचीही सवलत नाही.

आकडे मांडून दाखवतो, कारण आकड्यांशिवाय हे सगळं हवेत राहतं. समजा एका कामगाराचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून महिना २०,८०० रुपये. महिन्यातल्या कामाच्या २६ दिवसांनी भागलं की रोजचे ८००. सेवा सात वर्षं आठ महिने. महिन्याच्या ११ तारखेला काढलं, तोवर नऊ दिवस भरले, म्हणजे ७,२०० रुपये. भरपगारी रजा २२ दिवस शिल्लक, त्याचे १७,६००. बडतर्फ झालेल्या कामगाराच्या शिल्लक रजेचे पैसे दुसऱ्या कामाच्या दिवसाच्या आत द्यायचे, हे १९४८ च्या कारखाना कायद्यातही होतं. तेव्हा २४,८०० रुपये दोन दिवसांत. नोटिशीचे २०,८०० आणि कपातीची भरपाई पत्रासोबत. ग्रॅच्युइटीसाठी सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणून आठ वर्षं : ८०० गुणिले दर वर्षाचे १५ दिवस गुणिले ८, म्हणजे ९६,००० रुपये, तीस दिवसांत, आणि उशीर झाला तर व्याजासह. कपातीची भरपाई वेगळी आणि ग्रॅच्युइटी वेगळी. एक देऊन दुसरी दिल्यासारखं दाखवायचं नाही. तो बोनसच्या पगारमर्यादेत बसत असेल आणि त्या वर्षी किमान ३० दिवस काम केलं असेल, तर किमान ८.३३ टक्क्यांनी त्याचा बोनसही निघतो, मग दिवाळीला तो तुमच्याकडे असो वा नसो.

आणखी एक. मूळ वेतन मुद्दाम बारीक ठेवून बाकी सगळं भत्त्यांत घालण्याची आपल्याकडची जुनी रीत संहितेने आवरली आहे. वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरायचा. महिना ४०,००० घेणाऱ्याचं मूळ वेतन तुम्ही १४,००० दाखवत असाल तर हिशेब २०,००० वर करावा लागेल. आठ वर्षांच्या ग्रॅच्युइटीत हा फरक सुमारे २७,७०० रुपयांचा होतो. जुन्याच एक्सेलवर हिशेब काढणाऱ्यांनी एवढं तरी तपासावं.

मला सर्वात जास्त खटकते ती गोष्ट आता लिहितो. हिशेब अडवणं ही पुष्कळदा दिरंगाई नसते, ते दबावाचं हत्यार असतं.

हिंजवडीतल्या एका बाईंना सकाळी मीटिंगला बोलावलं. समोर एचआरचे दोघे. सांगितलं, संध्याकाळी पाचपर्यंत राजीनामा मेल करा. केलात तर रिलीव्हिंग लेटर, एक्सपिरियन्स लेटर आणि हिशेब वेळेत. नाही केलात तर टर्मिनेशन, आणि मग पुढच्या नोकरीत बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला जे सांगायचं ते सांगू. त्यांच्या घरी कर्जाचा हप्ता होता, मुलीची फी होती. त्यांनी मेल केला. राजीनामा आला, म्हणजे 'स्वेच्छेने' गेल्या, म्हणजे नोकरकपात नाही, भरपाई नाही, नोटिशीचं वेतन नाही. इतकं सगळं सोडून दिल्यावरही पैसे आले ते तीन महिन्यांनी, आणि तेही आणखी एका कागदावर सही केल्यावर : माझं कंपनीकडून कोणतंही येणं बाकी नाही, मी कुठेही तक्रार करणार नाही.

तुम्ही यात काय केलंत ते बघा. जे पैसे कोणत्याही अटीशिवाय तिचे होते, त्यांच्या बदल्यात तुम्ही तिचे दुसरे हक्क विकत घेतलेत. तिचेच पैसे देऊन. हे करणारे एचआरमधले तरुण मुलगे-मुली वाईट नसतात, त्यांना वरून स्क्रिप्ट दिलेली असते. पण ती स्क्रिप्ट कोणीतरी लिहिलेली असते, आणि त्याला संहितेचं कलम ६० माहीत असायला हवं. कर्मचाऱ्याने संहितेखालची देय रक्कम किंवा बोनसचा हक्क सोडल्याचा कोणताही करार शून्य ठरतो. तो 'येणं बाकी नाही'चा कागद तुमच्या फायलीत सुंदर दिसेल, पण राहिलेला पगार मागायला ती उद्या उभी राहिली तर तो तुम्हाला वाचवणार नाही.

काहींच्या बाबतीत याहून वाईट होतं. तोंडी काढतात, पत्र देत नाहीत, आणि आठवड्याने त्याच माणसाच्या घरी नोटीस जाते की तुम्ही न कळवता गैरहजर आहात. रेकॉर्डवर 'अ‍ॅब्स्कॉन्डिंग'. मग त्याच्याकडूनच नोटीस पे वसूल दाखवून हिशेब शून्यावर आणायचा. याला कारभार म्हणत नाहीत. याला खोटा कागद तयार करणं म्हणतात.

ठेकेदाराच्या माणसांचा प्रश्न तर तुमच्यातले कित्येक जण आपला मानतच नाहीत. ठेका बदलतो, जुना ठेकेदार फोन उचलत नाही, नवा म्हणतो तुमचा हिशेब त्याच्याकडे, आणि कंपनी म्हणते ती आमची माणसं नव्हेत. तुमचं शॉप फ्लोअर, तुमचा गणवेश, तुमच्या सुपरवायझरचा हुकूम, पण पगाराच्या वेळी माणूस परका. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातही आणि आताच्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही हे स्पष्ट आहे : ठेकेदाराने वेतन दिलं नाही किंवा कमी दिलं तर मूळ मालकाने, म्हणजे काम करून घेणाऱ्या कंपनीने, ते द्यायचं आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायचं. ठेकेदाराचं शेवटचं बिल तुमच्याच अकाउंट्समध्ये पडलेलं असतं, त्याची अनामत तुमच्याकडे असते. ठेका संपताना त्याच्या शेवटच्या वेतनाचा पुरावा घेतल्याशिवाय ते बिल सोडू नका, इतकं साधं आहे.

पीएफबद्दल थोडक्यात. तो हिशेबाचा भाग नसला तरी शेवटच्या महिन्याची कापलेली वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायलाच हवी, आणि 'डेट ऑफ एक्झिट' (नोकरी सुटल्याची तारीख) वेळेत टाकायला हवी. ती न टाकल्याने माणसाचे पैसे अडकतात. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सदस्य ती तारीख स्वतः टाकू शकतो, पण बेकार माणसाला ते दोन महिने तुमच्या आळसापायी काढावे लागतात. सेवा प्रमाणपत्राचंही तसंच. आदर्श स्थायी आदेशांत कायम कामगाराला नोकरी सुटताना, बडतर्फ होतानासुद्धा, ते देण्याची तरतूद होती. किती वर्षं, कोणत्या पदावर काम केलं, एवढं तर खरंच आहे ना? मग ते लिहून द्यायला काय अडतं?

कायद्याची भीती घालणं हा या पत्राचा हेतू नाही, पण तुमच्या संचालक मंडळाला भाषा कळते ती जोखमीची, म्हणून तीही सांगतो. संहितेच्या कलम ४५ खाली कर्मचारी किंवा त्याची युनियन तीन वर्षांच्या आत दावा करू शकते. पूर्वी ही मुदत बारा महिन्यांची होती. दावा ऐकणारा अधिकारी देय रकमेवर तिच्या दहापटीपर्यंत भरपाई लावू शकतो, आणि न भरलेली रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. वेतन दिलं हे सिद्ध करण्याचा भार कलम ५९ नुसार तुमच्यावर आहे, त्याच्यावर नाही. त्याच्याकडे स्लिप नसली तरी तुमच्याकडे रजिस्टर असायला हवं. याउपर दंड आहेच : पहिल्यांदा ५०,००० रुपयांपर्यंत, पाच वर्षांत पुन्हा तेच केलं तर एक लाखापर्यंत किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

हे पत्र ज्यांना नुकतंच काढलं आहे त्यांच्याही वाचनात येईल. त्यांना एवढंच सांगतो : दबावाखाली राजीनामा लिहू नका. लिहावाच लागला तर सांगितल्यावरून देतो आहे असं त्यात नमूद करा. तोंडी काढलं असेल तर त्याच दिवशी एक ईमेल किंवा पोचपावतीचं रजिस्टर पत्र पाठवा : आज मला कामावर घेतलं नाही, मी काम करायला तयार आहे, माझं देय वेतन कामाच्या दोन दिवसांत मिळावं. ही तारीख पुढे फार उपयोगी पडते. स्लिपा, हजेरीचे फोटो, बँकेच्या नोंदी जपून ठेवा. कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज द्यायला वकील लागतोच असं नाही.

आता तुमच्याकडे मागणं. विनानोटीस काढायचं ठरलंच, तर हिशेब आधी तयार करा आणि निर्णय नंतर कळवा. ज्या खोलीत त्याला सांगाल त्या खोलीत एक कागद त्याच्या हातात द्या : भरलेले दिवस, ओव्हरटाइम, रजा, नोटिशीचं वेतन, भरपाई, ग्रॅच्युइटी, प्रत्येक कपात आणि तिचं कारण, प्रत्येक रकमेची तारीख. राजीनाम्याची अट घालू नका, 'येणं बाकी नाही'ची सही मागू नका. रक्कम मिळाल्याची पावती मागा, ती कोणीही आनंदाने देईल. एखाद्या आकड्याबद्दल वाद असेल तर वाद नसलेली रक्कम दोन दिवसांत सोडा आणि उरलेल्यावर भांडा. पॉलिसीत जिथे ४५ दिवस लिहिलं आहे तिथे दोन लिहा आणि ते पान नोटीस बोर्डावर लावा, मराठीत आणि हिंदीत.

आणि हे पत्र वाचून झाल्यावर एक काम आजच करा. गेल्या तीन वर्षांत ज्यांना काढलंत त्यांची यादी आणि न दिलेल्या हिशेबांची यादी अकाउंट्सकडून मागवा आणि समोरासमोर ठेवा. दोन्हींत जी नावं असतील त्यांचे बँक खाते क्रमांक तुमच्याकडे आहेतच, त्याच खात्यांत तुम्ही दर महिन्याला पगार टाकत होतात. फोन करून बोलावू नका, सहीसाठी थांबू नका. पैसे भरा आणि हिशेबाचा तपशील घरच्या पत्त्यावर पाठवा.

आपला,
पगारपत्रकं करून निवृत्त झालेला एक लेखापाल
चिंचवड